संशोधकास बाहेर ठेवावे

देवानंद इंगळे सात वर्षं एका काचेच्या चंबूकडे पाहत होता आणि चंबू त्याला काडीचीही दाद देत नव्हता. सात वर्षं म्हणजे काय थोडी झाली हो? तेवढ्या काळात त्याच्या बरोबरीच्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं बालवाडीत गेली, उंद्रीच्या फाट्यावर दुसरा पेट्रोलपंप आला. चंबूत मात्र पहिल्या वर्षी जे होतं तेच सातव्या वर्षी: ताकाच्या निवळीसारखं गढूळ, पिवळट पाणी.

उंद्रीजवळच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवायचा. पीएचडीचं रजिस्ट्रेशन अमरावतीला होतं, आणि त्याला तीनदा मुदतवाढ मिळून झाली होती. आता तीस नोव्हेंबर. त्या दिवशी गाइडची सही होऊन थिसिस जमा झाला तर झाला, नाहीतर सात वर्षं पाण्यात आणि दारावरची ‘प्रा. इंगळे’ ही खडूनं लिहिलेली पाटीही पुसली जाणार.

प्रयोग काय होता, तर तो एकदा त्यानं प्रयोगशाळेच्या परिचर सरस्वतीबाईंना समजावून सांगितला होता. बावीस वर्षं त्या खोलीच्या चाव्या सरस्वतीबाईंच्या कमरेला होत्या, आणि कॉलेजात त्याचं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतंच म्हणा.

“हे पाहा बाई,” देवानंदनं फळ्यावर षटकोन काढला. “सहा कार्बन हातात हात घालून गोल कडं करून बसले. प्रत्येकाच्या कडेवर एक हायड्रोजनचं लेकरू. एका बाजूनं ही शेपटी, तिच्यावरही हायड्रोजन. आपल्याले कड्यावरचं लेकरू उतरवायचं. ते उतरलं की त्या जागी काहीही बसवता येते, औषध म्हणा, रंग म्हणा. पण हे सहा जण कोणाले ऐकत नाहीत.”

“मंग?”

“सोडियम एकटा पाठवला, तर तो तापट. धावत जाते अन् कडं सोडून शेपटीवरचंच ओढून आणते. मॅग्नेशियम एकटा पाठवला, तर तो जागचा हालत नाही. पण दोघं एकाच संयुगात बांधून पाठवले, तर जे एकट्याले जमत नाही ते दोघं मिळून करतात. बरोब्बर कड्यावरचं उतरवतात.”

सरस्वतीबाईंनी फळ्याकडे जरा वेळ पाहिलं. “म्हंजे सोयरिकीले दोघं पाठवतात तसं. एक भांडणारा, एक समजावणारा.”

“हाव, तसंच.”

“मंग सात वर्सं कायले लागून राह्यले? आमच्या इथी दोन चहात होते.”

परदेशात हा खेळ इतर रेणूंवर झालेला होता. देवानंदच्या रेणूवर कोणी केलेला नव्हता, आणि का केलेला नव्हता ते त्याला आता कळू लागलं होतं. या संयुगाला हवा म्हणून चालत नाही. हवेतला ओलावा नुसता शिवला, की झालं, सोडियमही मेला आणि मॅग्नेशियमही. म्हणून सगळं आरगॉन वायूखाली करायचं. पुण्या-मुंबईच्या लॅबांत त्याला मोठमोठी यंत्रं असतात. देवानंदचा आरगॉन शिवमच्या वेल्डिंगच्या दुकानातून यायचा. स्टीलच्या रेलिंगला शिवम तोच वायू वापरायचा, आणि लग्नसराईत रेलिंगची कामं वाढली की विज्ञान आठ-आठ दिवस थांबायचं.

चंबू तयार झाला की खाली स्टरर चालू करायचा, म्हणजे आतली चुंबकाची कांडी गरगर फिरत राहायची. मग वाट पाहायची. आणि इथं देवानंदला एक खोड होती. त्याला वाट पाहायला जमायचं, पण न पाहता वाट पाहायला जमायचं नाही. दर दोन तासांनी तो चंबूची तोटी उघडायचा, आरगॉनचा फुगा लावायचा, सुईनं थेंबभर काढून बघायचा. “नुसतं पाहतो,” म्हणायचा. फुगा वाढदिवसाचा असायचा, कारण उंद्रीत तसलेच मिळतात.

आता खरी गोष्ट सुरू होते ती दसऱ्यापासून.

दसऱ्याला देवानंदची माय चांगुणाबाई दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. देवानंदचे वडील माणिकराव होते तोवर तिघं जायचे. ते गेले त्याच वर्षी देवानंदनं पीएचडी धरली, आणि तेव्हापासून दरवर्षी माय म्हणायची “चाल,” आणि तो म्हणायचा, “रिएक्शन लागून आहे माय, पुढच्या वर्षी.” यंदा तिनं विचारलंच नाही. सकाळी पिशवी भरून ती थेट लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

“चाल.”

“माय, कालच चंबू लावला. आता नाही सोडता येत.”

“तुहा चंबू मरते का रे दोन दिवसांत? तुहा बाप मेला तं मी एकटी जाऊन राह्यली. गुडघे उचलत नाही माहे आता. चाल म्हनते तं चाल.”

ती रडली असती तर देवानंदनं काहीतरी कारण काढलं असतं. ती रडली नाही. मग तो निघाला, आणि जाताना सरस्वतीबाईंना दहादा सांगून गेला: चंबूला हात लावायचा नाही.

आणि बाईंनी लावलाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उगाच बिचारीवर आळ येईल. पण त्या दिवशी खंडेनवमी होती. बावीस वर्षं त्या खंडेनवमीला लॅबमधली सगळी अवजारं पुजायच्या. तराजू, बर्नर, सेंट्रिफ्यूज, सगळ्यांना हळद-कुंकू. त्यांचा नियम साधा होता: जे वर्षभर राबते त्याला त्या दिवशी झोपू द्यायचं. शेतकरी वखर धुऊन उभा करतो, शिंपी मशीनवर कापड टाकतो, तसंच. म्हणून त्यांनी स्टररला हळद-कुंकू वाहिलं, चंबूला हात न लागू देता त्याच्या मानेत वरूनच झेंडूचा हार सोडला, आणि स्टररचं बटण बंद करून प्लग काढून ठेवला. मग कुलूप लावून घरी गेल्या. पुढं दसरा, त्यापुढं रविवार.

देवानंद परतला तो एसटीतून उतरून सरळ लॅबमध्ये. दार उघडलं आणि पाहतो तर काय! चंबूचं पाणी आरशासारखं स्वच्छ, आणि तळाशी खडे. पारदर्शक, खडीसाखरेसारखे, कंगोऱ्यांचे. सात वर्षांत त्यानं ते फक्त पुस्तकात पाहिले होते. वरून झेंडूचा हार लोंबत होता.

तो जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. मग उठला आणि स्टररवरचं कुंकू पाहून असा हबकला, की स्टरर फिरत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

खडे त्यानं जड पाण्यात सोडले, म्हणजे लेकरू नेमकं कुठून उतरलं त्याची खूण उमटते, आणि नमुना अमरावतीला तपासणीला पाठवला. चार दिवसांनी गाइडचा फोन आला. शंकरराव सर मोठे करडे गृहस्थ होते, त्यांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द ऐकलेला विद्यार्थी विद्यापीठात सापडला नसता.

“इंगळे, शेपटीला धक्का नाही. कड्यावरचा हायड्रोजन गेलाय. बरोबर हवा तोच.”

“हो सर!”

“एकदा झालेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. पुन्हा करा. काय केलं होतंत वेगळं?”

काय सांगणार? बाप-आज्यापासून ज्या घरात देव नाही, ज्या घरात बावीस प्रतिज्ञा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ करवतात, त्या घरचा पोरगा गाइडला सांगणार, की सर, या वेळी हळद-कुंकू वाहिलं?

“पाहतो सर,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्यांदा केलं, गढूळ. तिसऱ्यांदा केलं, गढूळ. तोच सोडियम, तोच मॅग्नेशियम, शिवमचाच आरगॉन. मग देवानंदनं विचार केला, आपण विज्ञानाची माणसं. जे वेगळं होतं ते तपासायचं, लाज कसली? त्यानं वहीत रकाने आखले आणि पाच चंबू लावले. पहिल्याच्या स्टररला फक्त हळद. दुसऱ्याला फक्त कुंकू. तिसऱ्याला झेंडू. चौथ्यावर आपट्याचं पान. पाचव्यासमोर सरस्वतीबाईंनी नुसतं उभं राहून हात जोडायचे, बाकी काही नाही. पाचही स्टरर चालू, आणि दर दोन तासांनी देवानंद फुगा घेऊन हजर. वहीत नोंदी अशा: ‘चंबू ४, आपटा, पान एक: गढूळ. चंबू ५, केवळ नमस्कार: गढूळ.’

“माह्या नमस्कारात खोट नाही, सर,” सरस्वतीबाई दुखावून म्हणाल्या. “पाह्यजे तं वहीत लिहा.”

त्यानं तेही लिहिलं.

गावात काही लपून राहतं का? आठ दिवसांत उंद्रीचे पुंजाजी जळालेली मोटार बैलगाडीत घालून घेऊन आले आणि सरस्वतीबाईंना म्हणाले, जरा हिलेही लावून द्या. आणि शिवमनं एक दिवस चांगुणाबाईंना बाजारात गाठून सांगितलं, “काकू, सर आता हळदी-कुंकवावर आले बरं.”

झालं! त्याच दुपारी चांगुणाबाई ऑटोतून लॅबच्या दारात उतरली. आत आली, पाच चंबू पाहिले, हळद पाहिली, झेंडू पाहिला. देवानंद तोंडात मारल्यासारखा उभा.

“तुह्या आज्यानं छप्पन साली देव्हारा उचलून विहिरीत टाकला,” ती म्हणाली. “गावानं पानी तोडलं त्याचं. तरी काढला नाही. अन् तू शिकलासवरलेला, मशीनले कुकू लावून राह्यला?”

“माय, मी तपासून राह्यलो. त्याच्यानं होते का नाही होत ते—”

“हे तपासाले सात वर्सं शाळा लागते?”

तिनं पदरानं पहिल्या स्टररवरची हळद खसाखसा पुसली. सरस्वतीबाई पुढं झाल्या. “व बाई, माह्या हातची पूजा पुसू नोका! मी तुमच्या पोराचं वाईट नाही केलं. त्या दिवशी मी काय केलं? हळद लावली, बटन बंद केलं, कुलूप लावलं, घरी गेली. अन् चांगलंच झालं ना!”

“कुठलं बटन?” देवानंद म्हणाला.

“हे फिरते त्याचं. खंडेनवमीले झोपू नाही द्यायचं का त्याले? वर्सभर गरगर गरगर.”

देवानंदनं तोंड उघडलं. सात वर्षांत कांडी थांबवून बघायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण कोणत्याच पुस्तकात ती थांबवलेली नव्हती. “बाई, हे आधी काऊन नाही सांगितलं?”

“तुमी हळदीचं इचारलं. बटनाचं कोणी इचारलं?”

“म्हणजे बटनानं झालं,” तो ओरडलाच. “ढवळलं नाही म्हणून खडे धरले!”

“बटनानं नाही झालं,” चांगुणाबाई म्हणाली. ती स्टुलावर बसून गुडघा चोळत होती. “तू अठी असता, तं पाच मिनिटांत ते चालू केलं असतं. अन् दर घडीले ते तोंड उघडून पाह्यलं असतं. मी नाही का पाहत घरी? चुलीवर भात ठेवला तं झाकन काढून काढून कच्चा ठेवते हा. मी तुले नागपूरले नेलं, म्हनून झालं.”

“व्वा! अन् मी बटन चालू ठेवलं असतं तं?” सरस्वतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

“तं मंग तेही नसतं झालं,” चांगुणाबाईनं मान्य केलं.

देवानंद फळ्याकडे पाहत होता. षटकोन अजून तिथंच होता, बाजूला सोडियम आणि मॅग्नेशियम. एकट्या बाईंनी बटण बंद केलं असतं, तर त्यानं चालू केलं असतं. एकट्या मायनं त्याला नेलं असतं, तर कांडी तीन दिवस खडे मोडत बसली असती. सात वर्षं तो हेच फळ्यावर मांडून बसला होता हो! आणि त्याच्याच खोलीत, त्याच्याच बाबतीत, त्याच्या लक्षात आलं नाही.

“तुमी दोघी,” तो हळूच म्हणाला, “तीन दिवस मोकळ्या आहात का?”

अशी ती अजब व्यवस्था सुरू झाली. देवानंदनं दोन नवे चंबू लावले, तोट्या बंद केल्या, आणि हात वर करून खोलीबाहेर आला. सरस्वतीबाईंनी दोन्ही प्लग काढले. चांगुणाबाईनं कुलूप घालून चावी स्वतःच्या कमरेला खोचली. मग दोघींनी दारासमोर सतरंजी टाकली. हळदीवरून त्याआधीच खडाजंगी झाली होती आणि शेवटी असं ठरलं होतं, की एक चंबू हळदीसह, एक हळदीशिवाय, म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको.

पहिल्या दिवशी दुपारी देवानंद मागच्या खिडकीतून पाहताना सापडला. खिडकीला आतून वर्तमानपत्र लावण्यात आलं. संध्याकाळी तो म्हणाला, नुसतं दाराच्या फटीतून पाहतो. चांगुणाबाईनं त्याच्यापुढं लसणाची टोपली ठेवली. दुसऱ्या दिवशी प्राचार्य राउंडवर आले, तर व्हरांड्यात दोन बाया बसलेल्या आणि मध्ये त्यांचे केमिस्ट्रीचे प्राध्यापक लसूण सोलत होते.

“इंगळे, हे काय?”

“प्रयोग चालू आहे, सर.”

“आणि तुम्ही?”

“मी नसणं हा प्रयोगाचा भाग आहे, सर.”

प्राचार्यांनी लसणाच्या टोपलीकडे एकदा पाहिलं आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले.

चौथ्या दिवशी कुलूप उघडलं. खडे! हळदीच्या चंबूत खडे, बिनहळदीच्या चंबूतही खडे, तेवढेच, तसेच. चांगुणाबाईनं विजयानं सरस्वतीबाईंकडे पाहिलं. सरस्वतीबाईंवर ढिम्म परिणाम नाही. “हळद मशीनसाठी नवतीच,” त्या म्हणाल्या. “माह्यासाठी होती.” त्यानंतर चांगुणाबाईनं तो विषय काढला नाही.

देवानंदनं थिसिसमध्ये कृती लिहून ते पान अमरावतीला पाठवलं. शेवटी लिहिलं होतं: ‘ढवळणे बंद करावे. संशोधकास बहात्तर तास प्रयोगशाळेबाहेर ठेवावे.’

शंकरराव सरांनी दुसऱ्या वाक्यावर लाल काट मारली. “हा प्रबंध आहे की औषधाची पुडी? ढवळणं बंद, समजलं. माझ्या लॅबमध्ये, माझ्या हातानं होऊ द्या. मग सही.”

पंचवीस नोव्हेंबरला त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

“इंगळे, तीनदा केलं. होत नाही.”

“सर, ढवळणं बंद ठेवलं?”

“ठेवलं.”

“सर, तुम्ही मधे पाहता का?”

“अर्थात पाहतो! प्रयोग लावून माणूस काय सिनेमाला जातो? दर तासाला पाहतो.”

देवानंदनं डोळे मिटले. पाच दिवस. सात वर्षं, आणि हातात पाच दिवस. समजावून सांगायला गेलो तर ते महिनाभर वाद घालतील, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्याला एकाएकी कळलं, की हे काम त्याच्या एकट्याच्यानं व्हायचंच नाही.

“सर,” तो म्हणाला, “मी माह्या मायले पाठवू का? अन् आमच्या बाईंले?”

पलीकडून चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. “पाठवा,” शंकरराव सर म्हणाले.

सव्वीसला दोघी अमरावतीच्या एसटीत बसल्या. सोबत भाकरी, ठेचा, सतरंजी आणि लसूण. देवानंद मागच्या सीटवर. विभागात सरांनी नवा चंबू लावला. सरस्वतीबाईंनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, प्लग काढला, आणि चांगुणाबाईनं पन्नास प्रबंध तपासलेल्या त्या माणसाला दंडाला धरून बाहेर आणलं.

“बसा सर. तुमच्या घरी कोणी नाही का?”

“आहेत. मंडळी आहेत.”

“मंग तीन दिवस घरी जेवा. इकडं काही नाही होत तुमच्यानं.”

ते गेले नाहीत, अर्थात. पहिले दोन तास येरझाऱ्या घातल्या, चष्मा पुसला, ‘मी फक्त तापमान’ असं दोनदा म्हणून पाहिलं. शेवटी बाकावर बसले. चांगुणाबाईनं टोपली पुढं सरकवली. दुसऱ्या दिवसापासून विभागातले शिपाई सह्यांचे कागद तिथंच आणून द्यायचे आणि सर लसणाच्या हातानं सह्या करायचे.

एकोणतीसला दार उघडलं. शंकरराव सर चंबूपाशी गेले, वाकले, चष्मा वर केला, आणि कितीतरी वेळ खड्यांकडे पाहत राहिले. “छान,” ते म्हणाले. मग थिसिस मागवला, लाल काट मारलेल्या वाक्याखाली टिंबटिंब ओढून ते परत जिवंत केलं, आणि सही केली. तीसला दुपारी दोन वाजता थिसिस जमा झाला. त्या पानाला अजून लसणाचा वास येतो म्हणतात.

परतीच्या एसटीत अकोला मागं पडल्यावर सरस्वतीबाई खिडकीला डोकं टेकून घोरू लागल्या. देवानंद मायशेजारी बसला होता. तिचे गुडघे समोरच्या सीटला टेकत होते, म्हणून त्यानं आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.

“एक इचारू का?” चांगुणाबाई म्हणाली. “पयल्या वर्सी मी चाल म्हनलं होतं. तवा आला असता तं?”

देवानंदनं हिशेब केला. पहिल्या वर्षी दसऱ्याला चंबू लागलेलाच होता. सरस्वतीबाईंनी प्लग काढलाच होता. पण देवानंद लॅबमध्येच होता आणि त्यानं तासाभरात तो पुन्हा लावला होता, त्याला आता आठवलं. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी तर तो बाईंवर ओरडला होता. दर वर्षी माय एकटी एसटीनं नागपूरला गेली होती, आणि दर वर्षी तो एक होऊ घातलेली गोष्ट स्वतःच्या हातानं मोडत बसला होता.

“झालं असतं, माय,” तो म्हणाला. “पयल्याच वर्सी झालं असतं.”

त्यानं तिचा हात हातात घेतला. तो लसणानं चिकट झालेला होता.

“पुढच्या वर्सी येतो मी नागपूरले. नक्की.”

“काऊन? पुढच्या वर्सी कोनती रिएक्शन लागून राह्यली तुही?”

“कोनतीच नाही.”

“मंग ये,” चांगुणाबाई म्हणाली, आणि तिनंही खिडकीकडे मान वळवून डोळे मिटले.